मुजुमदार : एका आडनावाच्या शोधाच्या नोंदी

१२ जून २०२४

दादाने गावचा वाडा अखेर विकायला काढला. माळ्यावरची लाकडी पेटी उतरवली, तर आत लाल खारव्यात बांधलेले कागदांचे दोन रुमाल निघाले. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही हिशेबातल्या, तुम्हीच न्या." जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात माझी नोकरी झाली, म्हणून घरातला प्रत्येक जुना कागद माझ्याकडे येतो. हे मात्र मी मागून घेतले असते.

मुजुमदार हे माझे माहेरचे आडनाव. लग्नाला चाळीस वर्षे होत आली, तरी कोणी "मुजुमदार" अशी हाक मारली की अजून मान वळते. लहानपणापासून आत्या सांगत आली, "आपण मूळचे बंगालचे. तिकडे सगळे मजुमदारच असतात. आपला कोणी पूर्वज यात्रेला म्हणून इकडे आला आणि मिरज भागात राहिला." शाळेत बंगाली क्रांतिकारकांचा धडा आला की मी ताठ बसत असे, आपल्याच घरचे म्हणून.

हे खरे आहे का, एवढेच शोधायचे आहे. वही आजपासून.

१९ जून

सुरुवात शब्दापासून. अरबीत 'मज्मूअ' म्हणजे गोळा केलेले, एकत्र केलेले. त्याला फारसी 'दार' लागला. जमाबंदीचे, म्हणजे वसुलाच्या एकूण रकमेचे, कागद ज्याच्या ताब्यात तो मजमूदार. मूळ धातू ज-म-अ. म्हणजे जमा, जमाखर्च, जमाव, जमात, जमादार ही सगळी याच घरची भावंडे. शुक्रवारचा जुम्मा आणि जामा मशीदसुद्धा, कारण तिथे माणसे जमतात. (जामदार मात्र यात नाही. तो जाम्यावरून आला. जामा म्हणजे वस्त्र. जामदारखान्यात पोशाख आणि मौल्यवान वस्तू असत.)

मी आयुष्यभर रोज जमाखर्च हा शब्द लिहिला. माझ्या आडनावातही तोच बसला आहे, हे मला साठी उलटल्यावर कळते आहे.

उच्चाराची गंमत वेगळीच. मूळ शब्दात 'मू' आधी नाही, मध्ये आहे: मज-मू-दार. गुजरातीत अजून 'मजमुदार' म्हणतात, म्हणजे त्यांनी तो जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. बंगालीत उकार मागे सरकला आणि 'मजुमदार' झाले. आपण त्याच्याही पुढे गेलो, पहिल्या अक्षरालाही उकार दिला. मराठी जिभेला ही जोडी फार आवडते. हुक्मचा हुकूम झाला, जुल्मचा जुलूम, मुल्कचा मुलूख. कुफ्लचे तर कुलूप झाले, तिथे अक्षरांनी जागाही बदलल्या.

एकाच शब्दाचे तीन प्रांतांत तीन उच्चार. आत्याचे म्हणणे खरे असते, तर बंगालहून आलेल्या घराने आपल्याबरोबर 'मजुमदार' आणला असता. हा काही पुरावा नव्हे, पण मनात पहिली शंका आली ती इथे.

२ जुलै

रुमाल सोडले. कागद बराच टिकला आहे, कडा मात्र कसरीने खाल्ल्या आहेत. मोडी मला येत नाही. आठवड्यातून दोन दिवस मोडी शिकवणाऱ्या एका गुरुजींकडे जायला लागले आहे. अक्षर हात न उचलता ओढलेले, शब्दांत जागा नाही. पहिल्या दिवशी मला फक्त 'श्री' वाचता आला.

आज गुरुजींनी सर्वांत जुना कागद लावून दिला. साल आहे 'इसन्ने सबैन मया व अलफ'. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. शुहूर सन ११७२, म्हणजे इसवी सन १७७१-७२. थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या दिवसांतला कागद. आमच्या पूर्वजाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, आणि पुढे 'मजमूदार परगणे मजकूर', म्हणजे सदर परगण्याचा मजमूदार. आडनाव नाही. मी पुन्हा पुन्हा विचारले. गुरुजी म्हणाले, "ताई, हे आडनाव नाही, हुद्दा आहे. 'तहसीलदार, तालुका अमुक' असं आपण लिहितो ना, तसं."

समासात बारीक अक्षरात 'रुजू' असा शेरा आहे. म्हणजे 'ताडून पाहिले, बरोबर आहे'. हिशेबाची रुजुवात घालणे हा शब्द आमच्या कचेरीतल्या जुन्या लोकांच्या तोंडी होता. मी नोकरीवर 'रुजू' झाले तोही हाच शब्द. कागदावर बोट ठेवून बराच वेळ बसले.

११ जुलै

हुद्दा नेमका काय होता, ते आज नीट समजून घेतले.

मराठी राज्यात महालावर, म्हणजे महसुली विभागावर, मामलेदार असे. त्याच्या जोडीला दरकदार, म्हणजे एकेका ठरावीक कामाचे हक्काचे अधिकारी. आठ दरकदारांची नावे अशी: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखाननीस, चिटणीस, जामदार, पोतनीस. ही यादी वाचताना आमच्या शाळेच्या हजेरीपटाची आठवण झाली. आठही आज आडनावे आहेत. कारखाननिसाचे पुढे कारखानीस झाले.

मुजुमदाराचे काम हिशेब तपासायचे. कागद फडणिसाकडे जाण्याआधी त्याच्या नजरेखालून जात. यातली मोठी गोष्ट अशी, की दरक बहुधा वंशपरंपरेने चाले आणि मामलेदाराला दरकदार काढून टाकता येत नसे. ज्याच्या हाताखाली काम करायचे त्यालाच चूक दाखवायची, तर नोकरी त्याच्या मर्जीवर असून चालत नाही. हे त्या काळच्या लोकांना पक्के ठाऊक होते. मला तपासणीत आक्षेप लिहिल्याबद्दल एकदा रातोरात बदली मिळाली होती. म्हणून ही व्यवस्था ज्यांनी बसवली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण वंशपरंपरेचा दुसरा परिणाम म्हणजे आडनाव. बापामागून मुलगा, त्यामागून नातू त्याच गादीवर बसतो. गावातले लोक 'मुजुमदारांचा वाडा', 'मुजुमदारांची विहीर' म्हणू लागतात. दोन पिढ्यांत हुद्दा नावाला चिकटतो आणि आधीचे नाव विसरले जाते. पुढे इंग्रजी अमलात इनाम कमिशन आले, १८५२ च्या कायद्याने त्याला जोर आला, जुने हक्क तपासले गेले, पुष्कळ गेले. कामही गेले. शाळेच्या दाखल्यावर आणि कोर्टाच्या कागदावर आडनावाचा रकाना आला तेव्हा तिथे लिहायला 'मुजुमदार' तयार होते.

२३ जुलै

हा शब्द शिवाजी महाराजांच्या काळात कुठे दिसतो ते पाहिले. सभासदाच्या बखरीत, शहाजीराजांनी पुण्याला पाठवलेल्या पहिल्या कारभाऱ्यांतच बाळकृष्णपंत मुजुमदार आहेत. श्यामराव निळकंठ पेशवे, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस यांच्या पंगतीत. सगळे हुद्दे निजामशाही-आदिलशाहीच्या वळणाचे. नवल नाही. विजापूरच्या दरबारची भाषा फारसी असली, तरी महसुलाचे हिशेब देशी भाषेत आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती होते. फारसी नावाच्या खुर्चीवर मराठी लिहिणारा माणूस, हे चित्र स्वराज्याच्या आधीचे आहे.

१६७४ ला राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी हुद्द्यांना संस्कृत नावे दिली. मुजुमदाराचे अमात्य झाले, सुरनिसाचे सचिव, वाकनिसाचे मंत्री, डबिराचे सुमंत, सरनौबताचे सेनापती. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश तयार झाला. सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द आहेत.

मग आमचे आडनाव अमात्य का झाले नाही?

दिवसभर हाच विचार. मला वाटते ते असे. संस्कृत नाव राजधानीतल्या एका पदाला मिळाले. परगण्यापरगण्यात बसलेल्या शेकडो हिशेबनिसांना लोक आधी म्हणत तेच म्हणत राहिले. निळो सोनदेव महाराजांचे मुजुमदार होते. त्यांचे चिरंजीव रामचंद्रपंत अमात्य झाले, पुढे हुकुमतपन्हा, म्हणजे सर्वाधिकारी, झाले, १७१५ ची आज्ञापत्रे त्यांच्या नावावर आहेत. त्यांचे वंशज बावडेकर, पंतअमात्य. तिथे मुजुमदार हे नाव राहिलेच नाही. भोरच्या घराण्याचेही तसेच, ते पंतसचिव झाले, सुरनीस नव्हेत. मोठी घराणी मोठे नाव घेऊन वर गेली. जुने नाव खाली, परगण्यात, आमच्यासारख्यांकडे राहिले.

८ ऑगस्ट

आता बंगाल. इथे पंधरा दिवस गेले, आणि सार्थकी लागले.

१५८२ मध्ये तोडरमलाने बंगालची जमाबंदी ठरवली, तिचे नावच 'असल जमा तुमार'. पुन्हा तोच जमा. मोगली अमलात महसुलाचे काम करणाऱ्या जमीनदारांना आणि कानूनगोंना, म्हणजे महसुली नोंदी ठेवणाऱ्यांना, मजुमदार किताब मिळू लागला. दोन माणसे फार महत्त्वाची. जेसोरच्या प्रतापादित्याविरुद्धच्या मोहिमेत मानसिंगाच्या बाजूला राहिलेले भवानंद मजुमदार, नदिया राजघराण्याचे संस्थापक. भारतचंद्राच्या 'अन्नदामंगल' काव्यात त्यांची कथा आली आहे. दुसरे लक्ष्मीकांत मजुमदार. त्यांना जहागीर मिळाली तिच्यात कलिकाता, सुतानुटी आणि गोविंदपूर ही तीन गावे होती. १० नोव्हेंबर १६९८ रोजी त्यांच्या वंशजांनी या गावांचे हक्क तेराशे रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला लिहून दिले. पुढचे कोलकाता त्यावर उभे राहिले.

आणि पाहा, या दोन्ही घराण्यांत आज मजुमदार आडनाव नाही. नदियाचे राजे 'राय' झाले. लक्ष्मीकांतांचे वंशज 'सावर्ण रायचौधुरी' झाले. आमच्या रामचंद्रपंतांच्या घरी झाले तेच तिकडे आधीच झाले होते. शेकडो कोसांवर, एकमेकांना न ओळखणाऱ्या घरांत, वरचा किताब मिळाला की मजुमदार अंगावरून उतरतो. तो ज्यांच्याकडे राहतो ती सगळी मधल्या फळीतली, कागद सांभाळणारी घरे. हे वाचताना अंगावर काटा आला.

सावर्ण हे त्यांचे गोत्र. किताब बदलले, गोत्र नावात राहिले. हे लक्षात ठेवायचे.

बंगालात मजुमदार कोण? ब्राह्मण आहेत, वैद्य आहेत, कायस्थ आहेत. मुसलमान मजुमदार सिल्हेट आणि कुमिल्लाकडे पुष्कळ. 'ठाकुरमार झुली' या १९०७ च्या परीकथासंग्रहाचे संग्राहक दक्षिणारंजन मित्र मजुमदार. त्यांच्या नावात 'मित्र' हे कुळाचे आणि 'मजुमदार' हा किताब, दोन्ही एकामागे एक टिकले आहेत. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार आणि १९१६ च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष अंबिकाचरण मजुमदार, दोघेही पूर्व बंगालातल्या फरीदपूरचे. एका आडनावाखाली इतक्या जाती आणि दोन धर्म असतील, तर ते एका कुळाचे नाव कसे असेल?

आत्याला हे कसे सांगू?

१७ ऑगस्ट

गुजरात. तिथे परगण्यात देसाई वसुलाचा आणि मजमुदार हिशेबाचा, साधारण आपल्या देशमुख-देशपांड्यांची जोडी. नागर ब्राह्मणांत हे आडनाव बरेच दिसते. बडोद्यात गंमत होते. तिथे गुजराती मजमुदार आणि गायकवाडांबरोबर गेलेले मराठी मुजुमदार एकाच शहरात. व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढणारे दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार बडोद्याचेच. ते मराठी.

लेक बंगळूरला असते. तिने विचारले, "किरण मजुमदार-शॉ बंगाली ना?" नाही, गुजराती. पण इंग्रजीत लिहिले की तिन्ही प्रांत एकमेकांत मिसळतात. कोणी झेड घालतो, कोणी जे. नुसते स्पेलिंग पाहून प्रांत ओळखता येत नाही, आणि या आडनावाबद्दलचे निम्मे गैरसमज तिथून आले आहेत.

आसामचे थोडक्यात: अहोम दरबारात राजाचा पत्रव्यवहार पाहणारा 'मजिंदार बरुआ' असे. कछारच्या राजांनी बराक खोऱ्यात लस्कर, बडभुइया यांच्याबरोबर मजुमदार हाही किताब दिला. जिथे मोगलांचे राज्य टिकले नाही तिथेही त्यांच्या कचेरीचा शब्द पोचला.

११ सप्टेंबर

गौरीजेवणाला सगळे दादाकडे. मी आत्याजवळ बसून सांगितले, "आपण बंगालचे नाही गं." तिला वाईट वाटले. ऐंशी वर्षे उराशी धरलेली गोष्ट आहे. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग सांगलीच्या मुजुमदारांचं सुतक आपण का धरत नाही, ते आता कळलं."

मी घास खाली ठेवला. कुणाचे धरतो मग?

"कुलकर्ण्यांचं. नदीपलीकडच्या. त्यांच्यात कोणी गेलं की अण्णा आंघोळ करायचे, दहा दिवस देवाला हात नाही. आई म्हणायची ते आपले भाऊबंद. मला वाटायचं, आडनाव वेगळं तर भाऊबंद कसे? पण विचारायची सोय नव्हती."

तीन महिने मी बंगाल, बडोदे, आसाम पालथे घातले, आणि उत्तर आत्याकडे होते. मी तिला आडनावाबद्दलच विचारत राहिले, सुतकाबद्दल कधी विचारले नाही. आडनाव कचेरीने दिले. कोणाच्या मरणाने आपल्या घरचा देव दहा दिवस पारोसा राहतो, हे कचेरीला ठाऊक नव्हते. ते बायकांना ठाऊक होते, कारण सोवळे-ओवळे त्यांना सांभाळावे लागे.

आत्याकडून सगळी घरे लिहून घेतली. सुतकाची वेगळी, नुसत्या ओळखीची वेगळी. सुतकाच्या यादीत मुजुमदार एकही नाही. कुलकर्णी तीन घरे, आणि एक घर नुसते गावावरून 'कर' लावणारे.

३ ऑक्टोबर

काल सर्वपित्री. दादाच्या पक्षाच्या वहीतून तर्पणाची नावे उतरवून घेतली. अण्णांच्या हातची वही आहे. नावे तीन पिढ्यांपुरती म्हणतात, पण अण्णांनी मागच्या पानावर सात लिहून ठेवली होती. सातवे नाव आणि १७७१ च्या कागदातले नाव एकच. पडताळा झाला. समासात मी 'रुजू' लिहिले.

२० ऑक्टोबर

नदीपलीकडच्या कुलकर्ण्यांना फोन केला. उचलला एका वयस्क बाईंनी. मी कोण, ते सांगितले. त्यांनी गोत्र विचारले. भारद्वाज. देव? मंगसुळीचा खंडोबा. देवी? सांगितली. थोडे थांबून त्या म्हणाल्या, "मग तुम्ही आमच्यातल्याच. थोरल्या पातीला परगण्याचं काम मिळालं आणि ती तिकडं गेली, असं सासूबाई सांगायच्या. तुम्ही थोरले."

त्यांच्याकडे वंशावळीचा एक कागद आहे. मुलाने फोटो पाठवला. वरच्या टोकाला एक नाव, खाली दोन फाटे. धाकट्या फाट्यापुढे 'कुलकर्ण मौजे मजकूर', थोरल्यापुढे 'मजमू'. बाकी काही नाही. वरच्या नावापुढे आडनाव नाही, कारण त्या माणसाला ते लागलेच नव्हते. मूळ आडनाव शोधायचा माझा हट्ट तिथे संपला. थोरला परगण्याचा हिशेब बघायला गेला, धाकट्याने गावचा सांभाळला, आणि दोघांची मुले त्या त्या कामाच्या नावाने ओळखली गेली.

२४ नोव्हेंबर

पुण्यात कामाला गेले होते. कसबा पेठेत सरदार मुजुमदारांच्या वाड्यावरून गेले. गणेशोत्सव आणि गाण्याच्या बैठका यांसाठी हे घर प्रसिद्ध. आबासाहेब मुजुमदार स्वतः सतार वाजवत. लहानपणी अण्णा मोठ्या अभिमानाने 'आपला वाडा' म्हणत. त्यांचे-आमचे सुतक नाही. तरी दारासमोर हात जोडले. काम तेच होते ना.

७ डिसेंबर

चंपाषष्ठी. मंगसुळीला गेलो. दादा, वहिनी, मी, आणि आत्या खुर्चीच्या गाडीत. कुलकर्ण्यांकडचे सहा जण आले होते. त्या वयस्क बाई आत्याहून दोन वर्षांनी धाकट्या निघाल्या, तरी वाकून नमस्कार आत्याने करून घेतला नाही. दोघींनी एकमेकींचे हात धरले. आत्या म्हणाली, "तुमच्या सासूबाई गेल्या त्या वर्षी आमच्याकडे गौरी बसल्या नव्हत्या."

भंडारा उधळला, तळी उचलली. पाच जण लागतात. आमच्याकडून दादा आणि त्याचा मुलगा, त्यांच्याकडून तिघे. येळकोट येळकोट जय मल्हार.

परतताना गाडीत वंशावळीचा नवा तक्ता काढला आणि दोन्ही फाटे एका कागदावर जोडले. थोरल्या फाट्याच्या शेवटच्या ओळीत दादाच्या नावाशेजारी माझे नाव घातले. जुन्या वंशावळीत मुलींची नावे नाहीत. आडनावाच्या जागी माहेरचे लिहावे की सासरचे, असे दादाने विचारले. मी तिथे नुसते 'हिशेबनीस, जिल्हा परिषद' लिहिले.